चौदा महिने उभी असलेली गाडी

नाही, पण मला सांगा, जी गाडी मी जागची हलवलीच नाही, तिचे टायर खराब होतात कसे? चौदा महिने हो! आणि तो गॅरेजवाला मला विचारतो, साहेब, कुठल्या खड्ड्यात घातली? अरे बाबा, खड्ड्यात घालायला गाडी आधी गेटच्या बाहेर काढावी लागते ना!

तुम्हाला सांगतो, आमच्या सोसायटीत गाड्या एकोणीस आणि जागा अकरा. नंबर नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, जो उभा राहिला त्याची जागा. मला मिळाली ती पंपरूमच्या भिंतीला लागून, सावलीतली, वर झाड नाही म्हणजे कावळ्यांचा ताप नाही... सगळ्या डोंबिवलीत अशी जागा नाही! आणि तिच्यावर डोळा कुणाचा, तर दुसऱ्या मजल्यावरच्या त्र्यंबकचा. हा माणूस भांडत नाही. तोच तर खरा त्रास आहे. रोज सकाळी गॅलरीत दात घासत उभा, आणि गोड आवाजात, "काय, आज निघालात वाटतं कुठे?" निघालात म्हणे! मी कशाला निघतोय? मी ऑफिसला रिक्षाने, बायको बाजारात रिक्षाने, मामेसासरे वारले कोपरला तेव्हाही आम्ही रिक्षाने. गाडीला दर रविवारी आंघोळ, दसऱ्याला हार, आणि बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून दहा मिनिटं इंजिन चालू करून मी आत बसायचो. समोर पंपरूमची भिंत. रेडिओ ऐकायचो, वायपर एकदा फिरवायचो आणि उतरायचो. पण गाडी जागची हलवली नाही!

मग आली मेव्हण्याची वास्तुशांत. कुठे, तर घोडबंदर रोडला, एकतिसाव्या मजल्यावर. रुचिता, म्हणजे माझी बायको, तिने सरळ सांगितलं की दारात गाडी असताना भावाकडे रिक्षा बदलत जायला लागलं तर ती एकटी जाईल आणि येईल की नाही ते नंतर बघेल. झालं. आता जागा राखायची कुणी? कुंड्या ठेवल्या तर त्र्यंबक कुंड्या उचलून बाजूला ठेवणार, वर झाडांना पाणीही घालणार, एवढा सज्जन! शेवटी माझी आई, शालनबाई, वय वर्षं चौऱ्याहत्तर, प्लास्टिकची खुर्ची आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन त्या जागेच्या मधोमध बसली. म्हणाली, "जा तू बिनघोर. माझ्या अंगावर कोण गाडी घालतोय बघते."

माणकोलीच्या पुलावर चढलो, पन्नासचा वेग आला, आणि खालून सुरू... धड धड धड धड! स्टिअरिंग थरथरतंय, मागच्या सीटवर पेढ्यांचे बॉक्स नाचतायत. रुचिता म्हणते, खाली कुणीतरी ठोकतंय. मी म्हटलं रस्ता खराब आहे. ती म्हणते रस्ता नवा आहे. वेग वाढवला की धडधड वाढते, कमी केला की कमी होते. म्हणजे भाडं मोजणाऱ्या मीटरसारखी माझ्या पायाशी बांधलेली! आणि गाडी मी हलवलीही नव्हती हो!

मग काय, सुरू झाली तपासणी. पहिल्या गॅरेजवाल्याने तोंडात मावा धरूनच सांगितलं, "बॅलन्सिंग गेलंय." त्याने चाकांना शिशाचे तुकडे ठोकले. धडधड तशीच! दुसऱ्याकडे कॉम्प्युटर. गाडी वर चढवली, पडद्यावर लाल-हिरव्या रेघा, म्हणाला सस्पेन्शन आहे, बुश आहे, टायर चारही बदला, जमलं तर गाडीच बदला. आणि प्रत्येक वेळी इकडे आई खुर्चीत! मे महिना, सावली दहा वाजता सरकते, कोथिंबीर संपली, मग मेथी, मग लसूण सोलून झाला सगळ्या मजल्यांचा.

शेवटी मेव्हण्यानेच पत्ता दिला. घोडबंदर रोडला आत गावठाणात ऑस्वल्ड म्हणून एक म्हातारा आहे, पिढ्यान् पिढ्या तिथलाच, टायरशिवाय कशाला हात लावत नाही. गेलो. त्याने काही मशीन लावलं नाही. खाली बसला, चाक हळूहळू फिरवलं आणि टायरवरून तळहात फिरवला, जसा आपण तापात पोराच्या पाठीवरून फिरवतो. एका जागी थांबला, खडूने खूण केली. दुसऱ्या चाकाला, तिसऱ्याला, चौथ्याला. चारही खुणा सारख्या! मग माझ्याकडे बघून म्हणाला, "किती महिने उभी हाय?"

रुचिताने सांगितलं, चौदा.

"मग बसली ना गाडी. जिथं जमिनीला टेकली तिथं टायर चपटे झाले. टायर फिरायला असतो, साहेब."

ऐकलंत? चौदा महिने जी गाडी हलवली नाही म्हणून मी सगळ्यांशी भांडलो, ती हलवली नाही म्हणूनच... जाऊ द्या. वर पुढच्या डाव्या टायरची आतली कडही जास्त झिजलेली निघाली, ती मात्र जुनी, मी चालवायचो तेव्हाची. म्हणजे चालवली तरी मीच, उभी केली तरी मीच! त्याने अलाइनमेंट जुळवून आणलं, पुढचे टायर मागे घातले, हवा जरा जास्त भरली आणि म्हणाला, आता इथून हायवेला लागा, चाळीस-पन्नास किलोमीटर एका वेगात न्या, रबर तापलं की वर येईल. नाही आलं तर टायर गेले समजा. पण आलं तर रोज चालवा.

नेली. पडघ्याच्या पुढे जाऊन वळलो. आणि खरं सांगतो, धडधड विरत विरत गेली, येताना गाडी गप्प! मला रडूच यायचं राहिलं. तीन वाजता सोसायटीत शिरलो. पंपरूमजवळ खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली, नीट. आणि जागेवर त्र्यंबकची गाडी. काचा बंद, इंजिन चालू. आत पुढच्या सीटवर माझी आई! काच खाली करून मलाच म्हणते, "अरे, उन्हाने घेरी येत होती मला. हा देवासारखा आला. म्हणाला, काकू, इथेच एसीत बसा, जागा कुठे जाते? किती गार आहे बघ आत."

मुलगा म्हणून आभार मानायचे की शेजारी म्हणून गळा धरायचा? मी आभार मानले. तो म्हणाला, "अहो, त्यात काय!"

आता त्याची गाडी तिथून हलत नाही, आणि मी रोज संध्याकाळी तासभर गाडी घेऊन फिरतो. चार रस्ता, स्टेशन, खाडीपर्यंत जाऊन परत... परवा ऑस्वल्डला दाखवली. चारही टायरवरून हात फिरवून खूश झाला म्हातारा. म्हणाला, "एकदम गोल. आता चालवता वाटतं रोज?" म्हटलं, चालवतो की. उभी कुठे करू?