अर्धी कॉइल

सकाळच्या यवतमाळ बसमध्ये किसनराव डोळे मिटून बसले होते. पुढच्या सीटवर मायलेकी होत्या. लेकीचा आयटीआयचा पेपर होता आणि तिची घोकंपट्टी चालली होती.

"दोनशे तीस व्होल्ट भागिले पाच अँपिअर, रेझिस्टन्स सेहेचाळीस ओहम. व्होल्ट गुणिले अँपिअर, पॉवर साडेअकराशे वॅट. याडी, ही तं आपली लाइटची शेगडीच झाली."

"आता लय तापते थे," माय म्हणाली. "कॉइल तुटली होती न, जळका तुकडा फेकला अन् जोडून देल्ली म्या."

"केवढा तुकडा?"

"अर्धाक असन."

"अर्धा? मंग रेझिस्टन्सबी अर्धा. करंट दहा अँपिअर, पॉवर तेवीसशे वॅट. आपली वायर तं पातळ हाय याडी."

"म्हणूनच फ्यूज उडे. तुह्या बापानं फ्यूजात जाड तार टाकली, तवापासून नाई उडत."

"आता शेगडीवर काय हाय?"

"दादीनं आंघोळीचं पाणी ठेवलं."

"फोन लाव. स्पीकरवर टाक."

किसनरावांनी डोळे उघडले. घरच्या फ्यूजमध्ये त्यांनीही जाड तारच टाकली होती.

"दादी, शेगडी बंद कर."

"लाइनच गेली पोरी आत्ता."

"मंग बटन बंद कर पयले."

"बटन कायले बंद करू? लाइन आली हे कसं कळीन मंग? मी चालली शेजारी बसाले."

"दादी, आयक..."

फोन कट झाला. लेकीनं पुन्हा लावला. बेल वाजतच राहिली.

मागं किसनराव आपल्या घरचा नंबर शोधत होते.