भानुदास आचाऱ्याच्या घरची कावीळ

मंडळी, ऐका. आजच्या कीर्तनात एकच प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही, आपापल्या मनात द्यायचं. लेकराचा हात मोडला, तर प्लास्टरमधला तो हात आपण गावभर दाखवतो. 'पडला हो सायकलवरून!' – वर कौतुक! मग त्याच लेकराचं मन मोडलं, तर दार का लावून घेतो? लाज कुणाला वाटते – लेकराला, का आपल्याला?

खाली बघू नका. सतरंजीवर उत्तर लिहिलेलं नाही.

तर एक होते भानुदास आचारी. लग्न कुणाचंही असो, कढई भानुदासांची! यांच्या मसालेभाताची वाफ सुटली की नवरदेवाचं लक्ष मंगलाष्टकांवरून उडायचं. बायको कुसुम, आणि एकुलती एक लेक शर्वरी. तालुक्याला वसतिगृहात राहून अकरावी करत होती. हुशार, आणि तोंडानं फटकळ. बापावरच गेलेली!

ही शर्वरी सुट्टीला घरी आली आणि परत जाईना. जेवेना, झोपेना, केस विंचरेना. नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. आणि एका दुपारी आईला म्हणाली, "आई, मला जगायचंच नाही गं."

कुसुमच्या हातातलं ताट पडलं. तिनं नवऱ्याला सांगितलं. आता भानुदासांनी काय करावं? लेकीपाशी बसावं, बरोबर ना? हा गृहस्थ उठला आणि आधी खिडकी लावून आला. शेजारी ऐकतील म्हणून!

पण खिडकी लावून गाव थांबतं का? दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात हजर. "शर्वरी दिसत नाही कुठं?" भानुदास गडबडले, आणि तोंडातून निघून गेलं, "कावीळ झालीय तिला."

बघा हं, काय अक्कल! कावीळ म्हणजे कशी इज्जतदार. महिनाभर पडून राहिलं तरी कुणी नाव ठेवत नाही, आणि पुढं स्थळ बघतानाही अडत नाही. भानुदासांना वाटलं, सुटलो.

सुटताय कुठले! आपल्याकडं माणूस आजारी पडला की भेटायला जायचं असतं, आणि जाताना औषध न्यायचंच असतं. कुणी उसाचा रस आणला, कुणी मुळा आणला, कुणी फुटाणे. एकानं तर एरंडाच्या पानांचा रस आणला, आणि त्याचा वास असा, की आजारी नसलेला माणूस पडावा! भानुदास प्रत्येकाला हात जोडायचे आणि आतल्या आत घाबरायचे. पोरीचे डोळे पांढरेस्वच्छ. म्हणून हा बाप खोलीत दिवाच लावू देईना.

आणि पथ्य! काविळीला तेल-तिखट चालत नाही. आचाऱ्याच्या घरात फोडणी बंद झाली, मंडळी! फोडणीचा वास गेला तर शेजारीण म्हणेल, ही कसली कावीळ? जी पोर मुळातच दोन घास खात होती, तिच्यापुढं बिनफोडणीचं वरण. शर्वरी एकदा हळूच म्हणाली, "बाबा, आजार खोटा आणि पथ्य तेवढं खरं?"

भानुदासांना हसूही येईना आणि रडूही. लेक त्या अंधारात दिवसेंदिवस विझत चालली होती, हे त्यांना दिसत होतं. विचारावं असं शंभरदा मनात यायचं. पण भीती वाटायची – आपण 'मरण' हा शब्द काढला आणि तोच तिनं धरून ठेवला तर? कुसुम म्हणायची, "अहो, मनाच्या डॉक्टरकडं नेऊया." हे म्हणायचे, "तिथं कुणी बघितलं तर?" अरे बाबा, बघणारा तिथं कशाला आला असेल, हवा खायला?

आणि मग आल्या अनसूयाताई, भानुदासांची थोरली बहीण. ताई म्हणजे काय सांगू! त्या घरात शिरल्या की घड्याळसुद्धा सरळ चालायचं. ताईंनी आणली काविळीची माळ. दोऱ्यात काड्या गुंफलेली ती माळ डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरेल तशी ती सैल होऊन खाली उतरते म्हणतात. घर भरलेलं, बायका दाटीनं बसलेल्या. ताईंनी शर्वरीला उठवून बसवलं, माळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही गळ्यात उतरली की बरी झालीस बघ."

शर्वरी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "आत्या, ही उतरली तरी मला जगावंसं नाही वाटणार."

सगळ्यांचे डोळे भानुदासांवर. एक खोटं तोंडात तयार होतं – 'ताप डोक्यात गेलाय, बरळतेय.' म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं, चहा झाला असता, माणसं घरी गेली असती. आणि लेक? लेक कायमची एकटी पडली असती, मंडळी.

भानुदासांनी ते खोटं गिळलं. "ताई, कावीळ नाही. मी खोटं बोललो." आणि हा बाप लेकीसमोर जमिनीवर बसला. "शरू, तुला मरावंसं वाटतं का?"

बायकांनी तोंडाला पदर लावला. शर्वरीनं बापाकडं बघितलं, किती दिवसांनी! "हो बाबा. रोज वाटतं. तुम्ही विचारतच नव्हता."

भानुदास ढसाढसा रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जायचं. मी आहे तुझ्यापाशी."

"मी पण येते," ताई म्हणाल्या. आणि दवाखान्यात काय केलं त्यांनी? बाकावर सगळे माना खाली घालून बसलेले. ताई खणखणीत आवाजात शेजारच्याला म्हणाल्या, "आमच्या भाचीचं मन आजारी आहे. तुमचं कोण?" झालं! सगळा बाक बोलायला लागला. नर्सला येऊन सांगावं लागलं, आजी, जरा हळू!

डॉक्टरबाई म्हणाल्या, विचारलंत ते फार चांगलं केलंत. विचारल्यानं मरणाचा विचार रुजत नाही, उलट लेकराचं ओझं हलकं होतं. गोळ्या दिल्या, बोलायला दर आठवड्याला बोलावलं, आणि बजावलं – सध्या एकटीला सोडायचं नाही, घरातली औषधं, विषारी वस्तू कुलपात ठेवायच्या.

बरं, पोर लगेच बरी झाली? नाही! चार दिवस बरे, दोन वाईट. भानुदासांचा धीर निघेना. सकाळ झाली की, "आज कसं वाटतंय?" दुपारी, "आता?" संध्याकाळी, "आता तरी?" शेवटी शर्वरी म्हणाली, "बाबा, भात दमावर असताना तुम्ही सारखं झाकण काढता का?"

आचाऱ्याला आचाऱ्याच्या लेकीनं सांगितलं! तेव्हापासून ते नुसते जवळ बसू लागले. लसूण सोलत, शेंगा निवडत. वाटलं तर ती बोलायची, नाही तर नाही. आणि एके दिवशी माय-लेकी पंख्यावरून कडाकडा भांडल्या. एकीला हवा, एकीला नको! भानुदास बाहेर आले आणि ओट्यावर बसून आनंदानं रडले. लेकीला काहीतरी हवं होतं. पंखा का होईना, हवा होता!

मंडळी, गोष्ट भानुदासांची झाली, आता तुमची. तुमच्या घरात कुणी भिंतीकडं तोंड करून पडलंय का? आज घरी जा, जवळ बसा, विचारा. आणि मग काय करायचं, ते आत्ताच करून बघू. मृदंगवाले दादा, हात थांबवा जरा. टाळ खाली. कुणी बोलू नका.

...

बघा, किती जड गेलं! कुणी खोकलं, कुणी मोबाईल चाचपला, पाटीलबुवांनी दोनदा टोपी नीट केली. लेकराला 'हो' म्हणायला एवढाच वेळ लागतो. आपण तेवढ्यात उपदेश सुरू करतो.

देवाचं नाव इथं घेतलंत, गोड झालं. आता घरी जाऊन लेकराला नावानं हाक मारा, आणि ते बोलेपर्यंत गप्प बसा.