आल्यागेल्याचं ताट

थोरली: आपण दोघी, आणि ताटं तीन. दर नाताळला हे तिसरं कोरडंच मांडायचं आणि कोरडंच फडताळात परत ठेवायचं.

आई: ठेवायचं. तुझ्या बाबांनी घालून दिलेली पद्धत आहे. तरुणपणी नोकरी शोधत फिरत होते, तेव्हा नाताळच्या संध्याकाळी कुठल्याशा घरानं ह्यांना आत घेतलं, पोटभर जेवू घातलं. नावसुद्धा विचारलं नाही. तेव्हापासून आपल्याकडे आल्यागेल्याचं ताट असतं. चमचा सरळ ठेव.

थोरली: आलंय का कधी कोणी?

आई: कोणी यायलाच हवं असं नाही. देवाच्या लेकराला जन्माला यायला कोणी जागा दिली नाही, ती चूक आपल्या घरात व्हायची नाही, असं हे म्हणायचे. तुला नाही कळायचं. तू नुसती भांडी मोजतेस.

थोरली: बेल वाजली.

आई: मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? उघड.

थोरली: आई... धाकटा आलाय.

धाकटा: नाताळच्या शुभेच्छा, आई.

आई: दार लाव गं. वारा येतोय, मेणबत्त्या विझतील.

थोरली: आई, तो समोर उभा आहे.

आई: डोळे आहेत मला. दार लाव म्हटलं.

धाकटा: ताई, थांब जरा. आई, मी भांडायला नाही आलो. तिसरं ताट मांडलंयस ना? त्यावर बसतो. तोंडातून अवाक्षर काढणार नाही. जेवतो आणि निघतो.

आई: ते ताट अनोळखी माणसाचं आहे. तुला मी चांगली ओळखते.

धाकटा: ज्याला कुठे जायला जागा नाही त्याचं ते ताट, असं बाबा म्हणायचे.

आई: त्यांचं नाव नको काढूस. त्या चौकशीत काढलंस तेवढं पुरे झालं. चार परक्या साहेबांसमोर उभा राहिलास आणि खुशाल सांगितलंस, माझे बाबा सकाळी पिऊन बस घेऊन निघाले. स्वतःच्या बापाबद्दल! जीभ कशी झडली नाही तुझी?

धाकटा: त्यांनी मला विचारलं होतं, आई. बस उलटली होती. एका बाईचा पाय गेला होता.

आई: आणि ह्यांचा गणवेश गेला, त्याचं काय? जन्मभर स्टिअरिंग धरलेला माणूस. त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचे, परक्याच्या घरी बसल्यासारखे. शेवटी शेवटी तर जेवायला हाक मारली की विचारायचे, "मी येऊ ना?" तू मारलंस त्यांना. माती द्यायलासुद्धा तुला येऊ दिलं नाही मी, आणि त्याचा मला आजवर एकदाही पस्तावा झाला नाही.

धाकटा: खोटं बोललो असतो तर आत घेतलं असतंस?

आई: डोक्यावर घेऊन नाचले असते.

धाकटा: ताई, तू सांग ना. त्या दिवशी बाबांचा डबा तू भरलास. ओट्यावरची बाटली उचलून पिठाच्या डब्यामागे तूच ठेवलीस. मी एकटाच होतो का स्वयंपाकघरात?

आई: सांग की गं. विचारतोय तो. होती का बाटली?

थोरली: नाही. बाबा चहा पिऊन गेले.

धाकटा: ताई!

थोरली: चहाच प्यायले ते. मीच केला होता.

आई: झालं समाधान? आता हो चालता. आणि तू गं, वरच्या मजल्यावर तो नवीन भाडेकरू आलाय ना, एकटाच असतो. जा, बोलाव त्याला. म्हणावं, ताट वाढलंय.

थोरली: आता? तो जेवला असेल गं. मघाशी त्याच्याकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

आई: पुन्हा जेवेल. हा जिन्यात आहे तोवर घेऊन ये. ह्यालाही कळू दे, आमचं दार कोणाला बंद नसतं.

(जिन्यात. थोरलीने दार बाहेरून ओढून घेतलं आहे.)

धाकटा: वास तुलाही आला होता ना?

थोरली: हळू बोल. आला होता. ते निघताना शर्टाचं वरचं बटण मीच लावलं. तोंडाचा भपकारा यायला लागला म्हणून मान फिरवली.

धाकटा: मग आत्ता एकदा "हो" म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?

थोरली: तर दोघंही ह्या जिन्यात उभे असतो. तुला बायको आहे, घर आहे. मी कुठे जाऊ?

धाकटा: बायको सोडून गेली. म्हणून तर आलो.

थोरली: कधी?

धाकटा: थंडी पडायला लागली तेव्हा.

थोरली: हे आईला कळू देऊ नकोस. तिला आनंद होईल.

धाकटा: बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, ताई. तिला हळूहळू सांगितलंस तर...

थोरली: नाही सांगणार. तू वाईट आहेस म्हणून ह्या घरात मी चांगली आहे. तेवढंच आहे माझ्याकडे. आणि पुढच्या नाताळला येऊ नकोस. तू जाशील निघून, आठवडाभर ती मला फैलावर घेईल.

धाकटा: बरं. हे तिच्यासाठी आणलं होतं. लोकरीचे मोजे आहेत. तिचे पाय गार पडतात.

थोरली: दे इकडे. मी आणले म्हणून सांगते, नाहीतर कचऱ्यात जातील.

धाकटा: तसं सांग. ताई, तुला माझी आठवण येते का गं?

थोरली: एरवी येते. आज कामं फार असतात. सरक जरा, मला वर जायचंय.