गोळीला उठवायचं कुणी?

...आणि वर बायको मलाच विचारते, "अहो, खरं सांगा, गोळी घेत होतात ना?" आता तुम्हीच सांगा, हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून आलेला माणूस, घरात हे-रान नावाची करडी बायको, तो गोळी चुकवेल? रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली ती गोळी, रोज तिच्या देखत गिळत होतो, जीभ बाहेर काढून दाखवत होतो लहान पोरासारखी! तरी स्टेंट बुजला. पुन्हा छातीत कळ, पुन्हा आमच्या आन्दोंग शहरातलं तेच हॉस्पिटल. लेक फोनवर, "आप्पा, गोळी...?" शेजारी म्हणे, "सोजूची बाटली सुटत नसेल हो त्यांची!" अहो, सोजू सोडली, खारवलेला मासा सोडला, आणि गोळी मी घेतली होती हो!

शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "आजोबा, चूक तुमची नाही. ही गोळी पोटात जाते ती झोपलेली असते. यकृतानं तिला उठवायचं, मग ती कामाला लागते. तुमचं यकृत उठवतच नाही. जन्मजात आहे, आपल्याकडे पुष्कळांचं असतं." म्हणजे बघा, इतके दिवस मी पोटात धर्मशाळा चालवत होतो! "दुसरी गोळी देते, ती जागीच येते. आणि सख्ख्या भावंडांना सांगा."

सांगा म्हणे! सख्खा भाऊ मला एकच, सोक-जुनदादा. त्यालाही स्टेंट, त्यालाही हीच गोळी. आणि दादा म्हणजे काय, आमच्या नाम घराण्याच्या थोरल्या पातीतला थोरला, तीस पिढ्या तोंडपाठ! वडिलांच्या श्राद्धाला मी हळूच विषय काढला. दादा रिवाजाप्रमाणे वडिलांच्या नावानं प्याल्यात दारू ओतत होता, हात तिथंच थांबला. "खोट? नामांच्या रक्तात? वडिलांसमोर बोलतोस हे? गोळ्या बुडवल्यास आणि आता कुळाच्या नावानं खडे फोडतोस?"

"दादा, गोळी मी घेतली होती रे! हे जन्मजात आहे..."

"जन्मजात असेल तर आईच्या माहेरचं असेल!"

झालं! आत आई धिरडी घालत होती. नव्वदीला टेकलीय, पण कान? नको तेवढे तिखट! उलथनं घेऊनच बाहेर. "जन्मभर तुमच्या पितरांची धिरडी घालतेय, आणि खोट मी आणली?"

दादा म्हणे, तपासणी करणार नाही म्हणजे नाही. तुम्हाला सांगतो, मी समोरचं धिरडं तसंच बाजूला सारलं. भांडतो आम्ही, पण भाऊ एकच आहे हो. हा रोज इमानेइतबारे गोळी घेणार, गोळी पोटात घोरत पडणार, आणि एक दिवस... भीती वाटली मला. खरंच वाटली.

आईच्याही ते लक्षात आलं असावं. उलथनं खाली ठेवलं, अगदी शांतपणे म्हणाली, "जा, तपासून ये. तुझ्या बापाचं रक्त निर्मळ निघालं, तर पुढच्या श्राद्धाला सगळ्यांसमोर वाकून माफी मागेन." सकाळी हॉस्पिटल उघडायच्या आत दादा दारात हजर! जिवासाठी नाही हं, कुळासाठी.

निकाल ऐकायला त्यानं आईलाही नेलं आणि मलाही, साक्षीदार म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचंही यकृत तसंच. आणि हे एकाच बाजूनं येत नाही. इतकं आळशी यकृत व्हायला थोडं आईकडून यावं लागतं, थोडं वडिलांकडून. दोन्हीकडून आलंय." दादाचं तोंड एवढंसं. आईनं वर छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऐकलंत का हो?"

दादाला नवी गोळी मिळाली. बाहेर बाकावर मान खाली घालून बसून राहिला. मला वाटलं, खचला बिचारा. जवळ बसलो, पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "दादा, मनाला लावून घेऊ नको. तुझं-माझं सारखंच आहे."

तर ताठ झाला की हो! "सारखं कसं? थोरला मी आहे. ते आधी माझ्याकडे आलं, मग तुझ्याकडे!"

मान लववली, म्हटलं, "हो दादा, आधी तूच"... जगतोय ना, मग असू दे थोरला!