आधी मी खाते

आजच्या सभेच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच कडूबाई, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या भागिरथी सिस्टर, आणि समोर बसलेल्या माझ्या मायबाप गिऱ्हाइकांनो!

हसताय काय? माझ्या गिरणीवर दळण न आणलेलं आपल्या खर्डा गावातलं एक घर दाखवा.

या अजिनाथाला माईक देऊ नये, असं घरच्यांचं मत होतं. मी लगेच तापतो म्हणे. आज तापणार नाही. आणि जे सांगतोय ते लेकीला, धनश्रीला, विचारूनच सांगतोय.

तीन वर्षांपूर्वी ती बारावीला होती. एक दिवस ताटावरून उठली. "आप्पा, पिठाला औषधाचा वास येतोय." आता गिरणीवाल्याला असं म्हणावं का? गव्हावर बाजरी दळली म्हणून भांडणारे तुम्ही सगळे मी सोसलेत, पण घरची पोर? लई चिडलो. मग तिचं खाणंच सुटलं, तसा घाबरलो. चक्की उघडली, जात्याच्या दगडांना टाकी लावून नव्यानं खाचा पाडल्या, डबे घासले, धान्य बदललं. वास काही जाईना. आणि शेजारी दूध करपून काळं झालं, तर त्याचा तिला पत्ता नाही! महिन्याभरात पोरीचे कपडे अंगावर लोंबायला लागले. कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे लग्न लावून टाका.

त्यातच सिस्टर दळण घेऊन आल्या. मी त्यांच्यावरच ओरडलो, "तुमी तरी वास घ्या अन् सांगा हिला!"

सिस्टरनी चिमूटभर पीठ हुंगलं आणि धनश्रीजवळ पोत्यावर बसल्या. "बाळ, मला न्हाई येत वास. पण तुला येतोय, हे खोटं न्हाई. भीती वाटती का गं?"

पोर ढसाढसा रडली. "कुणीतरी पिठात इख कालवतंय, सिस्टर. तसं सांगणारे आवाज येत्यात मला. आप्पाला बी पटलंय, म्हणून तर रोज डबे घासत्यात!"

ऐकलंत? शहाण्या बापानं डबे घासून घासून तिची भीती पक्की केली होती. आवाजांचं तर मला तेव्हाच कळलं.

"दादा, गिरणी ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. "या वयात मनाचा आजार कधी कधी असा नाकातून सुरू होतो. उद्या नगरला दाखवू."

उद्या म्हणजे उद्याच. सकाळच्या एसटीत सिस्टरनी डबा उघडला. धनश्रीनं विचारलं, "पीठ कुठलं?" मी मागच्या सीटवर देवाचं नाव घेतलं. वाटलं, आता खोटं सांगतील. सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या आप्पाच्याच गिरणीचं. आधी मी खाते." धनश्रीनं दोन घास खाल्ले. मी खिडकीकडे तोंड करून रडलो, आज कबूल करतो.

गोळ्या अजून चालू आहेत. मध्ये दोनदा बिनसलं, लपवत नाही. पण ती कॉलेजला जाते, आणि बिनसलं की स्वतःहून सांगते.

सिस्टर, तुमचे आभार कोणत्या तोंडानं मानू? बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मंडळी, पिठात एखादा खडा आला म्हणून सांभाळून घ्या.

शाल-श्रीफळ ग्रामपंचायतीचं. ही बाजरीच्या पिठाची पिशवी आमची. सकाळी धनश्रीनं स्वतः दळली. मी पिशवी बांधायला लागलो, तर तिनं हात धरला. "थांबा आप्पा," म्हणाली, "सिस्टरना द्यायची ना? आधी मी खाते."

त्याच पिठाची आख्खी भाकरी खाल्ली, सिस्टर.