दादर कोसभर राहिलं होतं

आमचं गाव राजापूरच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, भाताचे दोन तुकडे आणि दारात एक फणस एवढीच आमची इस्टेट, त्यात माझा बापूस लवकर गेला, म्हणून आयशीनं मला मामाच्या हवाली केलं आणि मामानं गलबतात घालून मुंबईला आणलं. तीन दिवस नुसता ओकत आलो बघा, बंदरावर उतरलो तर जमीन हलतेय असं वाटायचं. मामा परळला एका कारखान्याच्या ओतखात्यात मिस्त्री होता, लोखंडाचा रस करायचा, वाळूच्या साच्यात ओतायचा, त्यातून जिन्याचे कठडे, दिव्याचे खांब, गिरणीची चाकं असं काय काय निघायचं. मी त्याच्या हाताखाली वाळू चाळत वाढलो, पुढं मिस्त्रीच झालो, भिकाजी मिस्त्री, पण सगळे भिकूच बोलायचे.

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगायला पायजे, वहीत लिहून घ्या, नायतर पुढचं कळणार नाय. साच्याच्या वाळूत ओल राहिली की आत वाफ अडकते आणि लोखंडात भोक राहतं. मोठं भोक असलं की माल परत भट्टीत. बारीक असलं तर मामा एक मसाला करायचा, मेण, राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस, गरम गरम भोकात दाबायचा, वरून घासला की ब्रह्मदेवाला कळायचं नाय. कठड्याला चालायचं, खांबाला चालायचं. मीपण भरलाय, खोटं कशाला बोलू या वयात.

तर गिरगावात एक तात्यासाहेब होते. दोन चाळींचे मालक, माणूस मनाचा मोठा पण भारी हौशी आणि तेवढाच तापट, त्यांच्या माडीचे कठडे आम्ही ओतलेले, तिथली ओळख. त्यांचं कुटुंब म्हणजे माई. माई म्हणजे काय सांगू तुम्हाला, माझ्यासारख्या काळ्या हाताच्या माणसाला चहा द्यायच्या तो पण बशीसकट, आणि विचारायच्या, भिकू, घरी कोण कोण रे तुझ्या? पण माई अधू. चार-पाच वर्षांमागं त्यांच्या गाडीचा घोडा उधळला, गाडी उलटली, कंबर मोडली ती मोडलीच. दोन पावलं टाकायच्या त्या भिंतीला धरून. आणि घोड्याच्या टापा रस्त्यावर वाजल्या तरी माडीवर बसल्या जागी कापायच्या. बैलाची दमणी करून बघितली, पण तिच्या धक्क्यांनी कळवळल्या, दुसऱ्या नाक्यावरून परत आणलं.

आणि माईंचं माहेर कुठं, तर दादरला. नारळाची वाडी, समुद्राच्या अंगाला. आता तुम्ही बोलाल, गिरगावातनं दादर ते काय लांब. लांब नायच हो! पण चार वर्षं बाईनं माहेर बघितलं नव्हतं. त्यात प्लेग आला. स्टेशनात डॉक्टर लोक बायकांनासुद्धा खाली उतरवून तपासायचे, घरंदाज बाई त्या वाटेला जायची नाय. डोली म्हणाल, तर त्या दिवसांत डोलीतून कोण जायचं, प्लेगचा माणूस इस्पितळात जायचा, डोली दिसली की लोक दारं लावून घ्यायचे. माई बोलायच्या, दादांच्या दारात मी डोलीतून उतरले तर मला बघूनच त्यांचा जीव जाईल. दादा म्हणजे त्यांचे वडील. ते पण अंथरुणाला खिळलेले. लेक इकडं, बाप तिकडं, आणि दोघांच्या तोंडी एकच, एकदा भेट होऊ दे.

म्हणून तात्यासाहेबांनी मोटार मागवली. लोकांना वाटलं मिरवायला मागवली, मिरवायचं पण होतंच, पण खरी मागवली ती माईंसाठी. घोडा नाय, रबराची चाकं, धक्का कमी. तेव्हा मुंबईत मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच, पेटाऱ्यातून आली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. कंपनीच्या माणसानं आठ दिवस शिकवलं आणि गेला. तात्यासाहेब मला बोलले, भिकू, तू लोखंडातला माणूस, तू शीक. मी शिकलो. आयला, काय सांगू, पयल्यांदा ते इंजन माझ्या हातानं सुरू झालं आणि गाडी आपसूक पुढं सरकली तेव्हा मला रडूच आलं! यशोदा, माझी बायको, ती बोलली, माझ्या लग्नात पण एवढं तोंड फुललं नव्हतं तुमचं.

दादांना दादरला निरोप गेला, जावई बिनघोड्याच्या गाडीतून लेकीला आणतोय. म्हातारा खट्याळ. त्यानं उलट निरोप धाडला, जावईबापू, तुमच्या त्या गाडीला शेवटी बैलच जोडाल बघा. तात्यासाहेब वरून हसले, पण त्यांना ते झोंबलं, चांगलंच झोंबलं.

आधी महिनाभर आम्ही माईंना बसवून चौपाटीपर्यंत न्यायचो आणि परत आणायचो, भीती मोडायला. तेवढ्यात इंजन नीट तापायचं पण नाय. मग वाडीवरून माणूस आला, दादांनी अन्न कमी केलंय, बायला, म्हणजे लेकीला, बघायचंय बोलतात. गुरुवार होता. माईंनी हिरवं नऊवारी काढलं, दादांना आवडायची म्हणून नारळाची बर्फी केलेली तो डबा मांडीवर घेतला, आणि निघालो. भायखळा गेलं, माई मागून विचारत होत्या, भिकू, आता कुठं आलो रे? मी बोललो, आता लालबाग आलं माई, आता दादर कोसभर. आणि तेवढ्यात शिट्टी वाजली, वाफ उडाली, इंजनानं दोन आचके दिले आणि बंद.

गिरणीची माणसं गोळा झाली. एक बोलतो, सायेब, घोडा घरी इसरलात काय? सगळे हसले. तात्यासाहेबांचं तोंड लाल. मी खाली वाकून बघितलं. इंजनाच्या डोक्यावर लोखंडी झाकण असतं, त्याच्या पोटात पाणी खेळतं, त्या झाकणाला हरभऱ्याएवढं भोक. बोट फिरवलं तर काळं, चिकट. नाकाशी नेलं आणि वास ओळखला. मेण आणि राळ. अहो, साता समुद्रापलीकडं पण कुणाचातरी मामा बसलेला! चौपाटीच्या फेरीत मसाला तापला नाय, टिकला, आज लांबचा पल्ला झाला तसा वितळला. हसावं का रडावं कळेना.

तात्यासाहेब बोलले, कंपनीला पत्र लिहितो, सोडत नाही त्यांना. मी बोललो, पत्र जाईल, नवं झाकण बोटीनं येईल, त्याला दोन-तीन महिने. त्यापेक्षा मी ओततो आमच्या खात्यात. मग एक खटारेवाला कापसाच्या गाठी उतरवून रिकामा चालला होता, त्याचे बैल सोडून मोटारीला दोर लावून जोडले, की परळच्या कारखान्यापर्यंत ओढायची. माई आतच बसलेल्या. बैल चालायला लागले, रबराची चाकं, काही धक्का नाय बिक्का नाय, आणि माई काय बोलल्या ते आजपण माझ्या कानात आहे, अगदी हळू बोलल्या, अहो, बैल जोडलेतच, तर असंच जाऊ या ना दादरला.

तात्यासाहेब बोलले, आणि मी त्यांच्या दारात बैल जोडून जाऊ? जन्मभर हसतील ते मला.

आणि मी काय बोललो? मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोललो, माई, दोन दिवस द्या, मी करून देतो, मोटार चालवतच तुम्हाला दादांच्या दारात उतरवतो. माझा शब्द. माईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा डब्याकडं, आणि बऽरं बोलल्या.

माई आमच्या परळच्या खोलीत राहिल्या. गिरगावला परत गेल्या तर पुन्हा निघायचं जमेल का नाय या धास्तीनं तिथंच थांबल्या. एवढ्या मोठ्या घरची बाई, आमची दहा बाय दहाची खोली, निम्मी चाळ प्लेगच्या भीतीनं गावाला गेलेली. यशोदेनं सगळ्या गोधड्या त्यांच्या पाठीला लावल्या, तांदळाची भाकरी केली, माईंनी मागून घेऊन खाल्ली. दिवसभर गॅलरीत बसायच्या आणि यशोदेला विचारायच्या, दादर कुठल्या अंगाला गं? बर्फीचा डबा उघडला नाय.

मी जुन्या झाकणावरून साचा घेतला, आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा केला, शुक्रवारी रस ओतला. शनिवारी सकाळी वाळू फोडली, झाकण घासलं, आणि एका बाजूला भोक. तांदळाच्या दाण्याएवढं.  मामानं बघितलं, बोलला, मसाला भर. मी बोललो, मामा, यात नाय. मामा बोलला, भिक्या, डोकं ठिकाणावर आहे का? गिरगावातून लालबागपर्यंत त्या गोऱ्याच्या मसाल्यानं आणली, आपला मसाला कोसभर नाय नेणार? आधी बाईला पोचव, मग बस सावकाश दुसरं ओतत.

बरोबर बोलत होता हो. एकेक अक्षर बरोबर. पण मी घण उचलला आणि ते झाकण फोडलं. का फोडलं? तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, माई बसणार त्या गाडीत मी खोटं काम घालणार नाय. आणि ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. मला त्या परदेशातल्या कारागिराला हरवायचं होतं. परळच्या भिकू मिस्त्रीनं त्याच्यापेक्षा चोख झाकण ओतलं, असं तात्यासाहेबांनी पत्रात लिहावं असं मला वाटत होतं.

दुपारी घरी आलो तर यशोदा बोलली, अहो, बैल आणा कुणाचे तरी आणि न्या त्या बाईंना. मी खेकसलो तिच्यावर, तुला काय कळतं यातलं! माई आत ऐकत होत्या. 

दुसरा रस ओतला तो चांगला उतरला. आरशासारखा. रविवारभर घासलं, छिद्रं पाडली, सोमवारी सकाळी बसवलं, इंजन फिरवलं, पयल्या झटक्यात सुरू. तात्यासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, यशोदेनं आणि एका शेजारणीनं धरून माईंना आणलं, डबा मांडीवर, आणि तेवढ्यात वाडीवरचा माणूस धावत आला. तो रात्रीच गिरगावात गेलेला, तिथून आम्हाला शोधत सकाळी परळला. दादा रविवारी संध्याकाळी गेले. तिकडं सकाळपर्यंत वाट बघितली, मग नेलं, ते आम्हाला वाडीवर कळलं.

माई रडल्या नाहीत. बोलल्या, चल भिकू.

आणि आता जे सांगतो ते मी यशोदेला पण कधी सांगितलं नाय. त्या कोसभर वाटेत ते इंजन इतकं सुरेख चाललं, इतकं सुरेख, की मागं माई बसल्यात, त्यांचा बाप गेलाय, आणि मला आनंद झाला. क्षणभर झाला. त्याची लाज मला अजून वाटते.

वाडीच्या दारात मोटार लावली. ओटीवर दादांची बाज रिकामी, चादर धुवायला काढलेली. भावजय बाहेर आली आणि बोलली, शेवटपर्यंत विचारत होते, गाडीचा आवाज आला का? तेव्हा मात्र माईंनी जो हंबरडा फोडला, तो ऐकवत नव्हता. तात्यासाहेब मोटारीच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं का नाय, मी विचारलं नाय.

पुढं माई महिन्यातून एकदा वाडीवर जायच्या, मीच न्यायचो. तासभर ओटीवर बसायच्या, झाडांकडं बघायच्या, यायच्या. झाकणाला कधी काही झालं नाय. दोन वर्षं गेली, माझ्या पोटात ते सलत होतं, एकदा वाटेत धीर करून बोललो, माई, तुम्ही मला एकदा तरी शिव्या द्यायला हव्या होत्या.  माई बोलल्या, तुझ्यावर नाही रे राग माझा. यांच्यावर पण नाही. माझ्यावरच आहे. मी एकदाच बोलले, आणि तुम्ही दोघं इतके त्या यंत्रात रमला होतात की परत बोलायचा मला संकोच वाटला. बापापेक्षा मला तुमचं मन मोठं वाटलं.

 मी मोटार वळवायचा दांडा धरून पुढं बघत गाडी हाकत राहिलो.

आता कोण नाय. माई गेल्या, तात्यासाहेब गेले, मोटार भंगारात गेली, माझी यशोदा जाऊन सहा वर्षं झाली. रस्त्यावर मोटारीच मोटारी झाल्यात, आवाज ऐकून मी अजून सांगतो कुठलं इंजन दुखतंय. देवानं वाईट केलं नाय माझं. पण रोज सकाळी जाग आली की मला तो गुरुवार परत हवासा वाटतो. दुसरं काय नको, तेवढाच. बैल जोडलेत, माई बोलतायत, आणि मी खटारेवाल्याला सांगतो, चल रे, सरळ हाक.

तुमची आई पेणला असते म्हणालात ना मघाशी, शेवटचे कधी गेला होतात? बघा, तुम्हाला पण आठवावं लागतंय. मिटा ती वही. माझं काय, मी इथंच आहे, लिहायचं राहिलं तरी चालेल. पेणकडची दुपारची बोट अजून मिळेल तुम्हाला. सुखी राहा, आणि आता उठा.