मास्टर डेव्हिड यांच्याबद्दल

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय सत्यवतीताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आमचे ज्येष्ठ निवेदक नत्थुजी, माझ्यासोबत ज्यांच्या खांद्यावर आज शाल पडली ते माझे वादक मित्र, आणि अमरावती-अकोल्याहून, कोणी त्याहून लांबून, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी वेळ काढून आलेल्या बंधू-भगिनींनो,

सत्कार झालेल्या सर्वांच्या वतीने चार शब्द बोलावेत असं मंडळाने मला सांगितलं. मला बोलण्याची सवय नाही. अठरा वर्षं मी 'ब्लॅक सॉइल ऑर्केस्ट्रा'त बेस गिटार वाजवली. ती वाजवणारा माणूस मागे उभा असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. मला ते बरं वाटायचं. नोकरी पाटबंधारे खात्यात, आरेखक म्हणून. नकाशे काढायचे, त्यावर अक्षरं घालायची. माझं अक्षर चांगलं होतं. म्हणून ऑर्केस्ट्राची पोस्टरं, हँडबिलं, ड्रमवरचं नाव आणि निवेदकाला द्यायची वादकांच्या नावांची चिठ्ठी, हे सगळं माझ्याकडे आलं. सेक्रेटरीही मीच झालो.

ब्लॅक सॉइल हे नाव आम्ही कॉलेजच्या पोरांनी सत्त्याहत्तर साली मोठ्या ऐटीत ठेवलं. माझ्या वडिलांना त्याचा अर्थ सांगितला तर ते म्हणाले, काळ्या मातीत राबायचा कंटाळा म्हणून गिटार घेतली, आणि नाव तेच ठेवलं का? पण वाजवायचो आम्ही मनापासून. सिनेमाची गाणी तर होतीच. मधल्या वेळात रॉक वाजवायचो, आणि ज्याला जाझ म्हणतात तेही वाजवायचो. ते आम्हाला येत होतं असं मी म्हणणार नाही. ते एकालाच येत होतं, आणि तो आम्हाला सांभाळून घ्यायचा.

त्याच्याबद्दल मघाशी नत्थुजी फार सुंदर बोलले. मुंबईच्या मास्टर डेव्हिड यांच्या फुंकरीत अरबी समुद्राचा वारा होता, असं ते म्हणाले. आपण टाळ्या वाजवल्या. नत्थुजी, तुमच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तुम्ही तेच बोललात जे वर्षानुवर्षं तुमच्या हातात लिहून दिलं जात होतं. पण आता थोड्या वेळाने मरणोत्तर सत्कार होणार आहे, मानपत्र वाचलं जाणार आहे, आणि निमंत्रणपत्रिकेवर 'कै. मास्टर डेव्हिड, मुंबई' असं छापलेलं आहे. त्याआधी मला हे सांगणं भाग आहे.

मास्टर डेव्हिड नावाचा कोणी माणूस नव्हता.

सॅक्सोफोन वाजवायचा तो देवमन. देवमन सखाराम खंडारे, राहणार चांदूर रेल्वे. बडनेऱ्याला पोस्टमन होता. त्याचे मामा सैन्याच्या बँडमध्ये होते. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा त्यांनी भाच्याला क्लॅरिनेट शिकवली आणि कागदावरचं इंग्रजी पद्धतीचं नोटेशन वाचायला शिकवलं. आमच्यात ते वाचता येणारा तो एकटा. आम्ही रेकॉर्ड ऐकून वाजवायचो. तो शॉर्टवेव्हवर काहीतरी ऐकायचा, पोस्टाच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर उतरवून आणायचा आणि म्हणायचा, हे असं आहे, करून पाहू. मुंबईला तो वर्षातून एकदा जायचा, सहा डिसेंबरला, आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा.

मग डेव्हिड आला कुठून?

एकोणऐंशी सालची गोष्ट आहे. अकोला जिल्ह्यातल्या एका गावच्या गणेश मंडळाचे गृहस्थ अमरावतीला, राजापेठेत आमच्या खोलीवर आले. एका शिंप्याच्या दुकानावर आमची तालमीची खोली होती. आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरत होता. हँडबिलासाठी मी नावं वाचून दाखवली. माझं आडनाव त्यांनी विचारलं नाही, माझ्या वडिलांचं वावर त्यांना माहीत होतं. सॅक्सोफोन, देवमन खंडारे, म्हटल्यावर त्यांनी आडनाव परत विचारलं. मी परत सांगितलं. मग ते फार गोडीने म्हणाले, "सॅक्सोफोनवाला मुंबईचा पायजे भाऊ. आमच्या लोकायले तेच पटते."

त्यांनी दुसरा एकही शब्द उच्चारला नाही. मला कळलं नाही असंही नाही. मी नाही म्हणू शकत होतो. फार तर तो कार्यक्रम गेला असता. मी मान डोलावली आणि त्या संध्याकाळी स्वच्छ अक्षरात लिहिलं, मुंबईचे सुप्रसिद्ध मास्टर डेव्हिड. हे नाव नत्थुजींच्या डोक्यातून निघालं असं सगळे समजतात, आणि तेही हसून मान्य करतात. ते माझ्या डोक्यातून निघालं. देवमनला मी विचारलं नाही. हँडबिल छापून आल्यावर दाखवलं, गंमत म्हणून. तोही हसला. "डेव्हिड तं डेव्हिड," म्हणाला, "फुकनार त मीच आहो ना."

एका कार्यक्रमापुरतं ठरलं होतं. पण लोकांना डेव्हिड आवडला आणि पुढच्या गावांनी त्याच नावाने आम्हाला बोलावलं. मग मी त्याच्यासाठी टोपी आणली, काळा चष्मा आणला. स्टेजवर बोलायचं नाही, असं त्याला बजावलं, कारण त्याने तोंड उघडलं की चांदूर ऐकू यायचं. बडनेऱ्याच्या ज्या घरात त्याने सकाळी पत्र टाकलं, त्याच घरची मुलगी संध्याकाळी त्याची सही घेऊन गेली. दर्यापूरकडे एका मोठ्या घरी कार्यक्रमाआधी जेवण होतं. आम्हाला पुऱ्या आणि वांग्याची भाजी. साहेब ख्रिश्चन, म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम ब्रेड आणि ऑम्लेट. तो सगळं जेवण होईपर्यंत आमच्या ताटांकडे बघत होता. परत येताना गाडीत म्हणाला, "खुशाल, पुढच्या गावाले मले एखांदं वांगं खानारं नाव दे."

आम्ही पोट धरून हसलो. तुम्हीही आता हसलात, त्याला हरकत नाही, तो होताच तसा. पण त्या घरी डेव्हिडला पंगतीत मधोमध बसवलं होतं, घरधन्याच्या शेजारी. देवमनला कुठे बसवलं असतं, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही. त्याने विचारला असेल. तो माझ्यापेक्षा हुशार होता.

चांदूर रेल्वेहून तीनदा पत्र आलं, कार्यक्रम करा म्हणून. तिन्ही वेळा मी नकार लिहिला. कधी तारखा भरल्या म्हणून, कधी स्टेज लहान म्हणून. खरं कारण हे, की तिथे टोपी आणि चष्मा घालून भागलं नसतं. पोरं खालून देवमनदादा म्हणून ओरडली असती. तो मला विचारायचा, चांदूरले कवा? मी म्हणायचो, बघू.

त्यामुळे झालं असं, की त्याच्या आईने, पार्बताबाईंनी, आपल्या मुलाला स्टेजवर कधी ऐकलंच नव्हतं. सत्त्याऐंशी साली अमरावतीत आमचा तिकीट लावून कार्यक्रम होता. त्या दुपारी देवमन माझ्याकडे आला. मी निवेदकाची चिठ्ठीच लिहीत होतो. तो म्हणाला, "आज माय येऊन राहिली. आज एकडाव माह्यं नाव लिवून दे ना."

आठ वर्षांत त्याने हे पहिल्यांदा मागितलं. मी म्हणालो, पोस्टरं लागली आहेत, लोकांनी डेव्हिडसाठी तिकिटं काढली आहेत, पुढच्या वेळी नक्की. तो बरं म्हणाला. पुन्हा त्याने कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

त्या दिवशी त्याने तालमीत ठरलेलं सोडून दिलं. सोलो संपायच्या जागी संपेना. मध्येच एक चाल आली, साधी, तीन-चार सुरांची, आम्हा कोणाच्या ओळखीची नव्हती. मी त्याच्या पायाकडे बघत बघत कसाबसा त्याच्यामागून वाजवत राहिलो. सभागृह उभं राहिलं. मला वाटलं, रागावला असेल, पण वाजवून मोकळा झाला.

देवमन या वर्षी फेब्रुवारीत गेला. त्याच्या आजारपणात दर रविवारी मी त्याच्याकडे जायचो. चार महिने. आम्ही जुन्या गाड्यांबद्दल, पेन्शनबद्दल, गुडघ्यांबद्दल बोललो. मला वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या पत्नी इंदूबाई मला बाजूला घेऊन बसल्या, आणि सत्त्याऐंशीच्या त्या कार्यक्रमात सभागृहात काय झालं ते त्यांनी सदतीस वर्षांनी मला सांगितलं. आणखीही काही सांगितलं असेल, पण मी त्याच्या पुढचं फारसं ऐकलं नाही. आज हे इथे बोलू का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगा, पण माझ्याकडे पाहून सांगू नका.

पार्बताबाईंच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. स्टेजवरचं त्यांना धूसर दिसायचं. नाव पुकारलं गेलं ते मुंबईच्या डेव्हिडचं. त्या शांतपणे ऐकत राहिल्या, आपल्या मुलाची पाळी येईल म्हणून. मग ती चाल आली. ती त्यांच्याच तोंडची होती, कापूस वेचताना बाया म्हणतात ती. त्या सुनेला म्हणाल्या, "ह्या मुंबईवाल्याले आपलं वावरातलं गानं कोनं शिकोलं वं?"

इंदूबाई म्हणाल्या, "बाई, तोच हाये तुमचा देवमन."

त्यांनी मान हलवली. "देवमन असता त त्याचं नाव नसतं घेतलं का?"

रात्री घरी त्यांनी मुलालाच विचारलं. तो म्हणाला, मी मागे बसलो होतो माय, बाकीच्या वादकांसोबत. ऑर्केस्ट्राची, म्हणजे माझी, लाज राखायला तो आपल्या आईशी खोटं बोलला. दोन वर्षांनी त्या गेल्या. आपला मुलगा मागे बसून वाजवायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मंडळाने जुन्या हँडबिलांवरून नावं घेतली, यात मंडळाचा दोष नाही. ती हँडबिलं माझी आहेत. देवमनचा मुलगा सुगत धारणीकडे आश्रमशाळेत शिक्षक आहे. पत्रिका मिळाल्यावर त्याचा मला फोन आला. तो शांतपणे म्हणाला, "काका, ज्यांचा सत्कार आहे त्यांना बोलवा. डेव्हिड यांना आमच्या घरात कोणी ओळखत नाही." ते नाव पुकारलं तर आपण आणि आई उठून जाऊ, असंही त्याने सांगितलं. तरी तो आज पहाटेच्या एसटीने आला आहे. त्याचं येणं कशासाठी ठरावं, हे आता आपल्या हातात आहे.

म्हणून अध्यक्षांना माझी विनंती आहे, की छापलेलं मानपत्र आज देऊ नये. दुरुस्त करून, चांदूर रेल्वेला त्यांच्या घरी जाऊन द्यावं. आज फक्त नाव घ्यावं. नावापुढे 'कै.' नको, त्यांच्याकडे कालकथित म्हणतात.

मंडळाने आम्हाला आठवणीत ठेवलं, हा मान दिला, त्याबद्दल सर्व वादकांच्या वतीने आभार. आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल माझ्या स्वतःच्या वतीने आभार. आजच्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. लिहिण्यात जे झालं ते मात्र सोडून देऊ नका.

सत्यवतीताई, पुढचं नाव पुकारायचं आहे. सॅक्सोफोन, कालकथित देवमन सखाराम खंडारे, चांदूर रेल्वे. त्यांच्या पत्नी इंदूबाई आणि मुलगा सुगत डावीकडे चौथ्या रांगेत बसले आहेत. त्यांना अजून कोणी पुढे बोलावलेलं नाही.